गाळाचा खड्डा

सल्लागार बाई पुन्हा अंगण ओलांडून थोरल्या साहेबांकडे आल्या. सकाळपासून हेच चाललं होतं. फाईल छातीशी धरून त्या यंत्राशेजारी उभ्या राहिल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या,

"धाकटे साहेब म्हणतात, लेपाची पिंपं त्यांनी मागवली. वापरली किती, ते तुम्हालाच ठाऊक."

थोरले साहेब रोलरवरून उतरणाऱ्या कापडाची किनार बोटांनी चाचपत होते. मान वर न करता ते म्हणाले,

"त्याला सांगा, आली तेवढी वापरली. डोक्यावर ओतून घेतली नाहीत."

"असंच सांगू?"

"नको. नुसतं 'तेवढीच' म्हणा."

कारखाना दोघा भावांचा होता. तंबूंचं आणि रेनकोटचं कापड तिथे तयार होई. कापड लेपाच्या कुंडातून जायचं, रोलरखाली पिळून निघायचं, भट्टीत वाळायचं. मग त्यावर पाणी ओतलं तरी थेंब मोत्यांसारखे घरंगळून जायचे. लेप आणि यंत्रं थोरल्यांकडे, खरेदी-विक्री धाकट्यांकडे. मध्ये अंगण. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा कुठल्याशा भिंतीवरून दोघांत बिनसलं आणि तेव्हापासून त्यांच्यामधून विस्तव जात नव्हता. धंदा मात्र चालू होता, कारण कामगार शहाणे होते. एकाचं वाक्य दुसऱ्याकडे नेताना त्यातले काटे वाटेतच काढून टाकायचे, हे तिथे नवा आलेला माणूसही आठवड्याभरात शिकायचा. बाईंना ते अर्ध्या दिवसात शिकावं लागलं.

कारखानदारांच्या संघटनेने बाईंना नेमलं होतं. नवा नियम येत होता. वर्षानुवर्षं नष्ट न होणारी कृत्रिम रसायनं ज्यांनी ज्यांनी वापरली, त्यांनी ती कुठून आणली, कशात घातली आणि उरलेली कुठे टाकली, हे सरकारला कळवायचं होतं. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग होते. लहानांकडे बाई जायच्या. कुणी त्यांना कर वसूल करणारी समजायचं, कुणी काहीतरी विकायला आलेली. मग त्या तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. महिन्याभरात त्यांचा आवाज बसला होता, गुडघे बोलायला लागले होते. कारखान्यांची नावं एकमेकांत मिसळायची. घरी यजमान काही विचारू लागले की त्या नुसतं "हं" म्हणायच्या.

"आता शेवटचंच," त्या थोरल्यांना म्हणाल्या आणि न विचारताच स्टूल ओढून बसल्या. "कुंडाच्या तळाशी गाळ बसतो. तो कुठे जातो?"

"ठेकेदार नेतो. त्याच्या पावत्या त्याच्याकडे." 'त्याच्याकडे' म्हणताना थोरल्यांनी हनुवटीने अंगणापलीकडे दाखवलं.

"आणि ठेकेदार नव्हता तेव्हा?"

"तेव्हा कोण विचारत होतं? मागे खड्डा होता, वडिलांनीच खणलेला. त्यात टाकायचो. भरला की माती लोटायची आणि शेजारी दुसरा खणायचा. गाळ म्हणजे शेवटी मातीच की. एव्हाना मातीत माती झाली असेल."

बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी ऐकलं होतं, की उत्तर पाठ झालं होतं. तरी त्यांना ते भरभर म्हणवेना.

"होत नाही, साहेब. याची माती होत नाही."

"म्हणजे कुजायला वेळ लागतो."

"कुजतच नाही. उन्हाने नाही, पावसाने नाही, जंतूंनी नाही. कापडावर पाणी ठरू देत नाही, तोच याचा गुण आणि तोच दोष. पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, पुढे सरकतं. संपत मात्र नाही."

"संपत नाही म्हणजे कधीच?"

"तुमच्या-माझ्या हिशेबात तरी कधीच नाही."

थोरल्यांच्या बोटांखालून कापड सरकत राहिलं. थोड्या वेळाने त्यांनी किनार सोडली.

"माणसाला काय होतं त्याने?"

"एकदम काही होत नाही. अंगात साठत राहतं. बरीच वर्षं गेली तर काही आजारांचा धोका वाढतो म्हणतात. होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "खड्डे होते तिथे आता काय आहे?"

 थोरले यंत्राच्या खटक्यापाशी गेले आणि त्यांनी तो खाली ओढला. ठाण अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडलेलं कामगारांनी कधी पाहिलं नव्हतं. अचानक आलेल्या शांततेत सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"त्याचं घर," थोरले म्हणाले. "मागचा तुकडा त्याच्या वाट्याला गेला. खड्डे खणले तेव्हा तो शिकायला बाहेर होता. त्याला काही माहीत नाही."

"पाणी कुठलं येतं त्यांच्याकडे?"

"मला काय ठाऊक? मी त्या घराची पायरी चढलेलो नाही."

त्यांनी चिंधीला हात पुसले, ते पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग चिंधी खिळ्याला अडकवून ते चालू लागले. बाईंना वाटलं, ते बाहेर मोकळ्या हवेत उभे राहतील. ते अंगण ओलांडू लागले, तेव्हा त्या फाईल सावरत मागोमाग निघाल्या.

धाकटे साहेब फोनवर कुणा गिऱ्हाइकाची समजूत घालत होते. दारात थोरल्यांना पाहिलं आणि ते बोलायचेच थांबले. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्यांनी फोन ठेवला, खुर्चीतून अर्धवट उठले आणि सवयीने बाईंकडे वळले.

"बाई, त्यांना काय हवंय विचारा."

"बाईंना दमवू नकोस," थोरले म्हणाले. "तुझ्याशीच बोलायचंय."

धाकट्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समोरच्या खुर्चीवर कापडाच्या नमुन्यांचे गठ्ठे होते. ते त्यांनी घाईघाईने उचलले, कुठे ठेवावेत ते न सुचून जमिनीवरच ठेवले. खुर्चीचं बसकण हाताने झटकलं.

"बस की, दादा."

थोरले बसले.  इतक्या वर्षांनी सुरुवात कुठून करायची, याचा अंदाज कुणालाच नव्हता. शेवटी धाकट्यांनी टेबलावरचा स्टीलचा जग उचलला, ग्लास भरला आणि दादासमोर सरकवला.

"आधी पाणी घे. चालत आलास."

चालून आलेलं अंतर अंगणाएवढंच होतं. पण कुणी हसलं नाही.

"कुठलं रे हे?"

"घरचं. आमच्या बोअरचं. गोड लागलंय. तुला नळाचंच लागत असेल तर मागवतो."

"नको."

"साहेब," बाई म्हणाल्या. थोरल्यांनी त्यांच्याकडे न बघता हात जरासा वर केला. मग ग्लास उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. फाईल त्यांना एकाएकी फार जड वाटू लागली.

"घरात सगळे हेच पितात?" थोरल्यांनी विचारलं.

"सगळेच. नातीला तर दुसरं चालत नाही. सून माहेरी जाते तेव्हा बाटल्या भरून नेते." धाकट्यांच्या आवाजातला ताण सैल झाला होता. दादाला आपल्या घरातलं काही सांगायला मिळत होतं. "बोअर मारली तेव्हा लोक म्हणाले होते, इथे खडक आहे, काही लागायचं नाही. पहिल्याच जागी लागलं. तुला दाखवायला बोलवायचं मनात होतं, पण... असो. घे, अजून घे."

त्यांनी जग पुढे केला. थोरल्यांनी ग्लासावर तळहात ठेवला.