न बांधलेली नाडी

माझ्या एप्रनच्या पट्ट्याला चाळीस वर्षं बुटांच्या नाड्या लोंबत असत. एक नाडी म्हणजे एक वायद्याचं काम. काळी नाडी आठवड्याची, तपकिरी दोन दिवसांची. काम गिऱ्हाइकाच्या पायात गेलं की नाडी सोडायची. बायको म्हणायची, "अहो, तुमचा झाडू झालाय." पण त्या झाडूच्या भरवशावर माझं एकही काम कधी चुकलं नाही. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे विसरणं परवडत नव्हतं.

आमच्याकडे पायात दोष असलेल्यांचे बूट बनतात. पुतण्याने गल्ला हातात घेतला तेव्हा त्याने छापील चिठ्ठ्या आणल्या. चिठ्ठीच्या तळाशी कामाबद्दल एक इंग्रजी शब्द लिहायचा. 'ट्राय' लिहिलं तर बघू, जमलं तर करू. 'प्रॉमिस' म्हणजे नक्की करू, पण तारीख विचारू नका. आणि 'अंडरटेक' म्हणजे ठरल्या तारखेला, काही झालं तरी. त्या शब्दाखाली काम करणाऱ्याची सही लागायची. दवाखान्याकडून येणारी माणसं तोच शब्द मागायची. सही येत नसल्यामुळे मला कायम 'ट्राय'ची कामं मिळत. चाळीस वर्षं घासलेला माणूस आणि चिठ्ठीवर 'बघू, जमलं तर'. ते मला लागलं.

म्हणून सहासष्टाव्या वर्षी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्गात मीच वयाने मोठा, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी माझं नाव मॉनिटर ठेवलं. बाई चाळिशीच्या. त्यांचा डावा पाय तीन बोटं आखूड. त्यांच्या बुटाचा उंच तळ वर्षानुवर्षं मीच करत होतो, त्यामुळे त्यांच्या पायाची आणि माझी ओळख जुनी, वर्गातली नवी. माझ्या नाड्यांची गोष्ट मी वर्गाला सांगितली तेव्हा सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या.

एकदा मी चिठ्ठीवरचे शब्द विचारले. बाईंनी फळ्यावर पायऱ्या काढल्या आणि एकेक शब्द एकेका पायरीवर बसवला. सगळ्यात वर अंडरटेक. त्या म्हणाल्या, "कपाट उचलायचं असतं तेव्हा बाजूने हात लावणारे पुष्कळ असतात, मॉनिटर. पण एकाला खाली शिरून खांदा द्यावा लागतो. तो हा शब्द." मी तो शब्द दोन पानं गिरवला.

पुढच्याच आठवड्यात बाई दुकानात आल्या. त्यांच्या बुटाचा तळ खिळखिळा झाला होता. दिवसा त्या शिकवत त्या शाळेत त्यांना कायम करायचं की नाही हे पुढच्या शनिवारी ठरणार होतं. तिसऱ्या मजल्यावर समितीपुढे चाळीस मिनिटं उभं राहून शिकवून दाखवायचं. आधीच डॉक्टरच्या कागदावर त्यांच्या पायाबद्दल शंका लिहिली होती. बूट शुक्रवारी हवा होता. त्या दिवशी शनिवार होता, म्हणजे हातात सहा दिवस.

मी पुतण्याला बाजूला केलं आणि चिठ्ठी स्वतः भरली. अंडरटेक. खाली सही. बाई म्हणाल्या, "अक्षर छान आलंय." मी ती चिठ्ठी खिळ्याला टोचली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि मनातल्या मनात ते काम झालं. नाडी बांधली नाही. आता लिहिता येत असताना झाडू कशाला?

शुक्रवारी दुपारी बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला आठवलं. बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, नवा तळ चिकटवला की दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवावा लागतो. माझ्याकडे एक तास होता.

मी म्हणालो, "बाई, बूचच मिळालं नाही."

त्या बाकावर बसल्या. मी जुनाच तळ खरवडला, झटपट डिंक भरला, कडेने बारीक खिळे ठोकले. हात भराभर चालत होते, पण हातांनाच ठाऊक होतं की हे जिने चढून टिकणारं नाही.

बूट घालून त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. "उद्यापुरता धरेल ना?"

"धरेल," मी म्हणालो.

त्यानंतरचं त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर खिळे सुटले. समितीपुढे अर्धा वेळ त्यांनी टेबलाची कड धरून शिकवलं, मग तळ पूर्णच निघाला आणि त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. जागा दुसऱ्या कुणाला गेली. वर त्याच म्हणाल्या, माल नाही मिळाला तर तुम्ही तरी काय करणार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी ताटावरून अर्धवट उठू लागलो. बायकोने विचारलं, दात दुखतोय का. मी हो म्हणालो. एक खोटं पाळलं की त्याला पिल्लं होतात.

पंधरा दिवसांनी वर्गात तेच शब्द वाक्यात वापरायचे होते. बाई आता काठी घेऊन येत. त्यांनी उदाहरण म्हणून मलाच घेतलं. आपल्या मॉनिटरने काम अंडरटेक केलं होतं, माल नव्हता तरी एका तासात जमेल तेवढं केलं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एक-दोघांनी माझ्याकडे वळून मान डोलावली. मला वहीत तोंड खुपसावंसं वाटलं.

वर्ग सुटल्यावर मी थांबलो. बाई फळा पुसत होत्या.

"बाई, बूच होतं," मी म्हणालो. "मी विसरलो होतो. लिहिलं आणि विसरलो. मग खोटं बोललो, आणि धरेल म्हणालो तेही खोटंच."

त्यांचा हात थांबला. "कुठे होतं?"

"तुम्ही बसला होता ना, त्याच बाकाच्या वरच्या फळीवर. अख्खा ठोकळा."

"पाहिला होता मी," त्या फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. "वाटलं, दुसऱ्या कुणासाठी राखलेला असेल."

माफी मागायला तोंड उघडलं, पण तीही मला फुकटात सुटण्याची खटपट वाटली. बाईंनी फळा कोपऱ्यापर्यंत पुसला, हात झटकले, मग पिशवीतून तो उसवलेला बूट काढून टेबलावर ठेवला.

"समिती आता वर्षाने बसेल. पण मला रोज चालायचंय. कधी देताय?"

"सोमवारी." सवयीने हात खिशातल्या चिठ्ठीकडे गेला. कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल मी हल्ली जवळच बाळगत होतो.

"लिहू नका," बाई म्हणाल्या. "बांधा."

अंगात एप्रन नव्हता, जवळ नाडी नव्हती. मी खाली बसलो, माझ्याच उजव्या बुटाची नाडी ओढून काढली आणि सदऱ्याच्या काजातून घालून गाठ मारली. बाईंनी गाठ नीट पाहिली, काठी उचलली आणि गेल्या. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्यांचा बूट काखेत धरून, वाटेत दुकानातला बुचाचा ठोकळा घेऊन, माझा बूट फटफटवत मी घरी आलो. दारातच बायकोने खाली पाहिलं. "बूट करणाऱ्याच्याच बुटाला नाडी नाही? कुठे घालवलीत?"

"कामावर आहे," मी म्हणालो, आणि जेवायच्या आधी बूच कापायला घेतलं.