खाऱ्या पाण्याचं लिंपण

मोखाड्याच्या बाजारातून तानीचा नवरा ढवळू मिठाबरोबर निरोपही घेऊन आला. "वेणूताईंच्या भिंतींचं लिंपण सुटलं. उद्या त्या सवताच येनार हायेत." तानीचा जीव टांगणीला लागला. लिंपण का सुटलं, हे तिला ऐकताक्षणीच कळलं होतं.

वेणूताईंची केळव्याकडे समुद्राला लागून नारळाची वाडी. शेजारी स्लॅबचं रिसॉर्ट उठलं, त्यात पोहायचा तलाव झाला, तो भरायला जमिनीतलं पाणी उपसलं गेलं, आणि वेणूताईंच्या दोन विहिरींपैकी एक खारी झाली. वर तो रिसॉर्टवाला वाडीही मागू लागला. वेणूताई हट्टाला पेटल्या. पाहुणे आपणही ठेवायचे, पण कुडाच्या, मातीच्या खोल्यांत! भातकापणी उरकून दरवर्षी वाडीत कामाला येणारं हे सूर्यमाळचं जोडपं त्यांनी मुद्दाम लवकर बोलावलं. ढवळूनं कारवीच्या काठ्यांचे कूड बांधले, तानीनं लिंपले. चार खोल्या अशा देखण्या उतरल्या की वेणूताई भिंतींवरून हात फिरवत राहिल्या.

आता तानीनं काय केलं, ते ऐका. माती कालवायला गोड्या विहिरीचं पाणी घे, असं तिला सांगितलं होतं. पण बाई सूर्यमाळची. तिच्या पाड्यावर होळीच्या आधीच विहीर आटते आणि टेकडी उतरून झिऱ्यावर, खड्ड्यात पाझरेल तेवढ्या पाण्यानं, वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. पिण्याचं पाणी चिखलात ओतायला तिचा हात काही होईना. कुणाला न सांगता तिनं खारी विहीर शेंदली. मनात म्हणाली, मातीला कुठं चव कळते!

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी वेणूताई पाड्यावर जीपमधून उतरल्या. पिशवीतून त्यांनी लिंपणाचा पोपडा काढला. त्यावर पांढरं मीठ फुललं होतं.

"तानी, शेजारी म्हणतो, समुद्राकाठी माती टिकत नाही, वाडी द्या, स्लॅब टाकतो. परवा सही करायची आहे. म्हटलं, आधी तुला विचारावं. खरंच टिकत नाही का गं?"

ढवळूनं डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. नुसती मान हलवली असती, तरी तानी सुटली असती. पण वाडी गेली असती.

"टिकते, ताई. माती नाय चुकली, मी चुकली. खाऱ्या हिरीचं पानी घातलं. तुमचं गोडं पानी चिखलात ओताया जीव नाय झाला."

समोर ठेवलेला पाण्याचा तांब्या वेणूताईंनी उचलला आणि विचारलं, "हे कुठून आणलंस?" तानीनं खाली बोट दाखवलं. उतारावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग होती. वेणूताईंनी ती रांग पाहिली. मग तांब्यातलं सगळं पाणी प्यायल्या.

"त्यानं पाहुण्यांना डुंबायला पाणी उपसून माझी विहीर खारी केली," त्या म्हणाल्या, "आणि तू माझं पाणी राखायला खारं शेंदत बसलीस. मी सही करत नाही. शिमगा झाला की या दोघं. सगळं खरवडू आणि गोड्या पाण्यानं लिंपू. पाहुण्यांना माणशी दोनच बादल्या देईन, पण भिंतींना पुरेसं देईन."

तानीला रडू आवरेना. शिव्या खायची तिची तयारी होती. एवढा घाट चढून कुणी आपल्याला विचारायला आलं, आणि सांगितलेलं खरं मानलं, याचे उपकार कसे फेडायचे ते तिला कळेना. तिनं सुपात घरची होती तेवढी नाचणी आणली आणि वेणूताईंच्या पिशवीत ओतली.

शिमग्यानंतर तानी वाडीत पुन्हा माती तुडवत होती. वेणूताईंनी स्वतः गोडं पाणी शेंदून चिखलात ओतलं. तानीनं मान दुसरीकडे वळवली. तेवढं मात्र तिला अजूनही बघवत नव्हतं.