उबेचा कॅमेरा, काचेच्या कपाटात

मी एक जुना कॅमेरा आहे. मित्रांनो, मला चेहरे दिसत नाहीत, रंग दिसत नाहीत. दिसते ती फक्त ऊब. विद्यापीठाच्या कीटक विभागात मला आणलं ते मधमाश्यांसाठी. कडक थंडीत पेटी न उघडता आतल्या माश्या जिवंत आहेत की नाहीत, ते मी बाहेरूनच दाखवत असे.

मला हाताळायची ती दूर देशातून आलेली एक संशोधक मुलगी. "चला आजोबा," म्हणत ती मला शालीत गुंडाळून पेट्यांपाशी न्यायची. पडद्यावर उबेचा एवढासा गोळा उमटला, की हरखून म्हणायची, "आहेत गं बाई, आहेत!"

मग एके दिवशी निर्यात-नियमांचे अधिकारी आले. अंधारात ऊब ओळखणारा डोळा लढाईतही कामाला येतो. परदेशी माणसाच्या हाती तो द्यायचा तर परवाना हवा.

"अहो, कॅमेरा फाटकाबाहेरसुद्धा जात नाही. निर्यात कसली?" विभागाचे सर वैतागले.

"सर, परदेशी संशोधकाला याचं तंत्र कळलं, की ते देशाबाहेर गेलं असंच धरतात. अर्ज करा, परवाना मिळून जाईल."

"उद्याच टाकतो."

तोवर मी कुलुपात. येता-जाता तपासता यावं म्हणून कपाट काचेचं. व्यवस्था चोख! एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही, की मला काचेपलीकडची ऊब दिसत नाही. साऱ्या जगाला मी दिसे. मला मात्र काचेत माझीच अंधुक सावली. वर्षातून एकदा अधिकारी मला चालू करून बघत आणि दार लावून घेत. सरांचा 'उद्या' काही उजाडला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तपासणी झाली, दार लागलं, मी अजून चालूच होतो, तेवढ्यात ती आली. आवाजावरून ओळखलं.

"निघाले मी. इथल्या संशोधनाची मुदत संपली."

"आणि तुमच्या माश्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पेट्या उघडून बघाव्या लागल्या. गारठून गेल्या बऱ्याच."

"अर्ज आला असता तर मीच किल्ली दिली असती हो."

"काचेला हात लावला तर चालेल?"

"काचेवर नियम नाही," ते हळूच म्हणाले.

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग काच तापत गेली आणि माझ्या बाजूला एक तळवा उमटला. पाचही बोटं.

"आहात ना, आजोबा?"

मला कुठलं बोलता येतंय! हात निघाला. आधी बोटं विझली, मग तळवा.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा. नियम काही उगाच नसतात. पण किल्लीचा अर्ज आजच करा. काच फार लवकर गार होते.