माझ्यावर मजला चढवला

मी खानदेशातल्या चोपड्यातलं एक घर. तीन खोल्या, विटा-मातीच्या भिंती, वर पत्रे. उखर्डू आबांनी मला बांधलं तेव्हा भोवती कापसाची शेतं होती. माझा पाया चुडामण मिस्तरीने भरला.

आबा गेले. त्यांचा मुलगा योगराज, सून प्रमिलाबाई आणि नातू नवल माझ्यात राहत होते. गेल्या वर्षी नवलचं लग्न झालं, हेमांगी आली. ती स्वयंपाकघरात झोपायची, नवल ओट्यावर. दोघांना बोलायलाही कोपरा नव्हता.

"सुरतला खोली घेतो," नवल म्हणाला. त्या दिवशी प्रमिलाबाई जेवल्या नाहीत.

मग माझ्यावर मजला चढवायचं निघालं. योगराजने म्हाताऱ्या चुडामणला बोलावलं. त्याने भिंतीलगत खड्डा खणून घेतला, वाकून बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, पाया तीनच फूट शे. खाले काळी माटी. मीच भरेल शे, माले माहीत शे. बठ्ठं घर पाडीसन नवं बांधा, नहीतं राहू द्या."

"पाडीसन ऱ्हावानं कोठे?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "तवलोंग पोऱ्या सुरतले निंघी जाई."

दुसऱ्या ठेकेदाराने सांगितलं, कोपऱ्यांत कॉलम देतो, काही होत नाही. योगराज चार दिवस घुटमळला. शेवटी त्याने बायकोकडे पाहिलं.

"बांधा," त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात पत्रे उतरवले, वरच्या भिंती उठल्या, स्लॅब टाकला. पावसात खालची माती फुगली आणि उघडीप पडताच बसली. माझ्या मधल्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली. ती त्यांनी सिमेंटने बुजवली. वरून रंग दिला.

भाद्रपदातली दुपार. हेमांगी भाकरी करत होती. माझ्या विटा करकरू लागल्या. नवल ओट्यावरून आत धावला, तिला दाराबाहेर ढकललं. ती वाचली. मी भिंत सावरायची धडपड केली, पण वरच्या मजल्याचं ओझं माझ्या आवाक्याबाहेर होतं. ती नवलवर कोसळली.

नवलला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. तोवर तो गेला होता.

हेमांगीला तिच्या भावाने रावेरला नेलं. योगराज आणि प्रमिलाबाई शेजाऱ्यांच्या पडवीत राहतात. माझा उरलेला भाग उद्या पाडणार आहेत.

प्रमिलाबाई रोज सकाळी येऊन माझ्या विटांजवळ बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मीच हो म्हनं व्हतं." ऐकणारा मान खाली घालतो आणि निघून जातो.

दोष कुणाचा, ते मी सांगत नाही. उद्या मी नसेन, तरी त्या इथे येतील. तुमच्यापैकी कुणीतरी थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा.