परक्या लेकीचा धवला

सुंदराबाईंचा हात आपल्या आईच्या मांडीवर दिसला की मनस्वीला तो उचलून बाजूला ठेवावासा वाटायचा. हात तसा बिचारा होता. सुरकुतलेला, मनगटावर फिकट हिरवं गोंदण, बोटांची पेरं सुजलेली. पण तो आईच्या मांडीवर ठेका धरायचा आणि आई त्या ठेक्यावर गायची. सकाळी काय खाल्लं ते जिला दुपारी सांगता येत नव्हतं, पोटच्या पोरांची नावं जिला आठवत नव्हती, ती आई एकामागून एक कडवी म्हणत जायची. कुठे अडखळणं नाही की चाचपडणं नाही. मनस्वी दारात चपला काढेपर्यंत ते सूर ऐकू यायचे. ती आत जाऊन समोर बसली की आई थांबायची.

दर रविवारी हेच. कोपरखैरण्याहून स्कूटीवर खांदेश्वरला यायचं, बाळाला नवऱ्याच्या, मिथुनच्या छातीवर निजवून, दूध काढून ठेवून, आणि इथे येऊन दुसरीसाठीचं गाणं आपल्यापाशी येऊन तुटताना ऐकायचं.

खांदेश्वरचं ते घर डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीच होतं. आठवड्यातून दोनदा नंदकिशोर नावाचे एक गृहस्थ पेटी घेऊन यायचे. कुणाला भजन लागायचं, कुणाला सिनेमाचं जुनं गाणं, कुणाला नुसता ठेकाही पुरायचा. कपडे बदलताना बायांवर हात उगारणारे एक आजोबा होते. पेटी सुरू झाली की ते आपणहून शर्टाच्या बाहीत हात घालत. नंदकिशोर घरच्या लोकांना सांगायचे, तुमच्या माणसाच्या कानावर तरुणपणी जे होतं ते आणा. बाकीचं पुसलं तरी ते बरेचदा मागे राहतं.

सगुणाच्या, म्हणजे मनस्वीच्या आईच्या बाबतीत काय आणायचं हा प्रश्नच नव्हता. सगुणा धवलारीण होती. खाडीकाठच्या आगरी गावांत हळद लागायची ती धवलारणीच्या तोंडून. नवरी पाटावर बसली की धवलारीण तिच्या समोर बसून धवले गायची, मागे बसलेली दुसरी बाई तिची ओळ झेलायची, आणि या गाण्याशिवाय हळद लागली असं जुनी माणसं मानायची नाहीत. खैरण्यापासून पार मोऱ्यापर्यंत सगुणाला सुपाऱ्या यायच्या. लग्नसराई आली की ती घरी यायची तीच मुळी घसा बसवून. लहानगी मनस्वी तिच्या पदराला धरून म्हणायची, आये, मला पण गा ना. आई हळदीने पिवळा झालेला हात गळ्याकडे नेऊन मान हलवायची. पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या नवरी मुलींना आईचा गळा मिळाला. हिच्या वाट्याला काय, तर आईच्या गुळण्यांसाठी मिठाचं पाणी गरम करणं. शेजारपाजारच्या लग्नांत ती रुसून मागच्या पडवीत बसायची आणि तिथून सगळं ऐकायची.

एक दिवस आपणही नवरी होऊ, या एका गोष्टीवर तिने बालपण काढलं.

तो दिवस आला तेव्हा तिने हट्टाने हॉल नको म्हटलं, डीजे नको म्हटलं. अंगणात मांडव घातला. आणि हळदीला सगुणाने करंजा गावाहून दुसरी धवलारीण बोलावली. स्वतः मागे भिंतीला टेकून बसली, पदर तोंडात धरून. मनस्वीने जाब विचारला तर म्हणाली, “मना नाय जमाचं.” पुढे एक शब्द नाही. माहेरच्या भांड्यांबरोबर तो रागही मनस्वीने सासरी नेला. भांडी माळ्यावर गेली, राग काही गेला नाही.

मग आजार सुरू झाला, तोही गाण्यातूनच. कुठे हळदीचे स्पीकर वाजले की सगुणा घरातून निघायची, कुठल्याही सोसायटीच्या मांडवात शिरून अनोळखी नवरीसमोर बसायची आणि धवला धरायची. आधी लोक हसले, आजीला जेवायला वाढलं, गाडीतून घरी आणून सोडलं. मग एकदा ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या मधोमध सापडली. दिपेशने, मनस्वीच्या भावाने, त्याच आठवड्यात खांदेश्वरच्या घराची चौकशी केली. मनस्वी तेव्हा बाळंतीण. आईला मी ठेवते म्हणायला तिने तोंड उघडलं आणि कुशीतलं पोर कोकलायला लागलं.

नंदकिशोरांच्या सांगण्यावरून तिने चुलत बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ शोधून आणला होता. धवले ऐकून आई डोळे मिटून डोलेल, रडेल, कदाचित आपलं नाव घेईल, असं काय काय तिने मनाशी रंगवलं होतं. सगुणाने फोनकडे रोखून बघितलं. “हिला कोनी बोलावली?” ती म्हणाली. “सुपारी मना दिलेली. नि गला बग हिचा, फुटल्या मडक्यावानी.” नंदकिशोर पेटीवर डोकं टेकून हसले. मनस्वीलाही हसू आलं. मत्सर आपल्याला रक्तातूनच आला आहे, एवढं तरी त्या दिवशी कळलं.

आणि मग सुंदराबाई आल्या. मूळच्या परभणीकडच्या, बौद्ध घरातल्या. जात्यावरच्या ओव्या सोडल्या तर त्यांचंही बाकी सगळं पुसलं होतं. जात्यावर एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची, ही सवय त्यांच्या हाडात होती. धवल्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. पण सगुणाने ओळ सोडली की मागून शेवट उचलायच्या, आणि मध्येच आपली भीमरायाची एखादी ओवी घुसडायच्या. सगुणा त्या ओवीलाही शेवटी आपला ‘गो’ लावून मोकळी व्हायची. दोघी एका ताटावर बसायच्या, एका खोलीत झोपायच्या. सुंदराबाईंचा मुलगा संघर्ष एकदा जिन्यात भेटला. भला माणूस. म्हणाला, “आईला माझं नाव येत नाही आता. पण सगुणा कुठंय, हे विचारते. बरं वाटतं ना ताई?” मनस्वी म्हणाली, हो, बरं वाटतं. घरी पोचेपर्यंत ओठ चावून चावून तिने रक्त काढलं होतं.

या रविवारी ती ठरवूनच आली. घराची व्यवस्था बघणाऱ्या नमिताला तिने बाजूला घेतलं आणि सांगितलं, मी असते तेवढा वेळ सुंदराबाईंना आत ठेवा, आणि जमलं तर दोघींच्या खोल्याही वेगळ्या करा. आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. नमिताने समजावून पाहिलं, की दोघींचं छान सेट झालंय, जेवण, औषध सगळं जोडीने होतं, कशाला उगाच टेन्शन. मनस्वी म्हणाली, “मुलगी मी आहे तिची.” ती हे अशा आवाजात म्हणाली की नमिताने समजावणं सोडलं. मग म्हणाली, आजचा दिवस बघा ताई, जाताना सांगा, त्याप्रमाणे खोली बदलते.

सुंदराबाईंना टीव्हीच्या खोलीत नेलं. मागच्या अंगणात, शेवग्याखाली, सगुणा खुर्चीवर आणि तिच्या समोर बुटक्या स्टुलावर मनस्वी. शेवटी एकदा आई तिची एकटीची. या वेळी ती घाईने काही बोलली नाही. नुसती बसून राहिली. सगुणाने तिला निरखलं, मग घसा साफ केला.

“पाट मांडिला मांडवी गो, पाटावरी नवरी बसं…”

ओळ सोडून ती थांबली. मान वळवून मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.  पडवीत बसून ऐकलेली ओळ मनस्वीला येत होती. तिने ती हळूच उचलली. सगुणाने पटकन पुढे वाकून तिच्या तोंडावर हात ठेवला.

“नवरीनं गावाचं नसतं गो. मान खाली.”

मनस्वीने मान खाली घातली. इतके रविवार ती आईसमोर जाऊन बसत होती. धवलारणीसमोर जी बसते ती नवरी, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि धवलारणीच्या लेकीला ते सुचलं नव्हतं.

“कोनाची गो तू?” तोंडावरचा हात काढून सगुणाने विचारलं. चेहऱ्यावर कामाचा गंभीरपणा होता. नवरीचं घराणं विचारायचं असतं.

“तुझीच गो आये,” मनस्वी म्हणाली. “मी मनस्वी.”

 सगुणाने तिच्याकडे बघितलं. मग तिने पदराचं टोक उचललं आणि तोंडात धरलं.

“मंग मना नाय जमाचं,” ती पदराआडून म्हणाली. “पोटच्या पोरीला गाऊन वाटंला कशी लावू? जीव जातो गो. करंज्याशी बोलवा कोनाला तरी.”

 दर रविवारी स्टूल ओढून बसली की मनस्वीचं पहिलं वाक्य तेच असायचं, आये, मी मनस्वी, तुझी लेक. आणि दर रविवारी आई त्यावर गप्प व्हायची. या गप्प होण्याला ती विसरणं समजत होती. विसरून गप्प झालेलं माणूस पदर असा तोंडात धरत नाही. गाणं सुंदराबाईंना मिळत होतं, सगळ्या जगाला मिळत होतं. पण ही मुकी आई एकट्या मनस्वीची होती, लग्नातही, आताही. हवं तर ती अशीच बसून राहू शकत होती, लेक म्हणून.

पण आईचा श्वास भरभर चालला होता. पदर ओला झाला होता, आणि आतून टीव्हीच्या आवाजापेक्षा मोठ्याने सुंदराबाई कुणाला तरी विचारत होत्या, सगुणा कुठंय.

मनस्वी उठली. आत गेली आणि सुंदराबाईंना हाताला धरून घेऊन आली. तो हात तिने पहिल्यांदाच धरला होता. ऊबदार होता, आणि वाटला होता त्यापेक्षा कितीतरी हलका. तिने त्यांना आईच्या खुर्चीमागे बसवलं, आणि स्वतः परत स्टुलावर येऊन मान खाली घालून बसली.

थोड्या वेळाने पदर सुटला. खुर्चीच्या पाठीवर सुंदराबाईंचा ठेका सुरू झाला.

“कोनाची गो ही पोर?” सगुणाने पुन्हा विचारलं, जणू आत्ताच मांडवात शिरली होती.

उत्तर मनस्वीच्या जिभेवर होतं, आणि ते देता येत नव्हतं. तिला वाटलं, आयुष्यभर ज्या ज्या बाईचा आपण हेवा केला, त्या सगळ्या मिळून आता आपल्याकडे बघताहेत.

“हिची,” ती म्हणाली, आणि बोट केलं. “मी सुंदराबाईंची.”

“माझीच की,” सुंदराबाई लगेच म्हणाल्या. “लई गुणाचं लेकरू हाय.”

सगुणाचा चेहरा मोकळा झाला. तिने स्टूल जवळ ओढायला लावलं, मनस्वीचे खांदे सरळ केले, केस कानामागे सारले, आणि गायला लागली. अर्धवट गुणगुणणं नव्हे. भर मांडवातला, शेवटच्या पंगतीपर्यंत पोचणारा आवाज.

“हलद चढं गो गुडघ्याला, गुडघ्याशी चढं खांद्याला,
आयेच्या मायेचा हात गो लागला लेकीच्या माथ्याला…”

गाता गाता कोरडी बोटं मनस्वीच्या गुडघ्यांना लागली, खांद्यांना लागली, गालांवरून वर कपाळापर्यंत गेली. मागून सुंदराबाई प्रत्येक ओळीचा शेवट उचलत होत्या, मराठवाड्याच्या सुरात, थोड्या खालून. मनस्वीचे अश्रू मांडीवर टपटपत होते. नवरीला तेवढी मोकळीक असते.

मध्येच सगुणा थांबली आणि मागे वळली. “रडू नको गो सुंदरे,” ती म्हणाली. “पोर बरी हाय तुजी. नांदंल.”

“रडतंय कोण,” सुंदराबाई म्हणाल्या. “तू म्हण पुढचं.”

अंगणाच्या दारात नमिता येऊन उभी होती. तिने हळूच विचारलं, खोलीचं काय करू. मनस्वीने मान वर न करता हात हलवला, राहू दे तशीच. आईचा चेहरा बघावा असं तिला फार वाटत होतं. परक्या लेकीला गाताना तो कसा दिसतो, हे तिने कधी समोरून पाहिलंच नव्हतं. पण नवरीने मान वर करायची नसते, आणि आई तर पुढचं कडवं धरत होती.