चाळिसाव्या चित्राचं गाव

उष्णतेच्या लाटेचा अकरावा दिवस उजाडला, तेव्हाही त्या घरातला एकुलता एक एसी कागदांसाठी चालू होता. माणसांसाठी नव्हे, कागदांसाठी. चित्रकारसाहेबांची बावीस स्केचबुकं ज्या खोलीत होती, त्या खोलीत तो बसवलेला होता. साहेबही दिवसभर त्याच खोलीत बसत, त्यामुळे त्यांनाही गार वाटायचं. पण तो निव्वळ योगायोग, असं त्यांचं म्हणणं.

साहेब नोकरीत होते तेव्हा पाणीपुरवठा खात्यात पाइपलाइनचे नकाशे काढायचे. चित्रकार ही पदवी त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिली आणि त्यांनी ती आढेवेढे न घेता स्वीकारली. त्यांच्या बायकोने एकतीस वर्षं पोस्टात काढली होती, पत्रांची गाववार वाटणी करण्यात. तिथे त्यांना सगळे टपालबाई म्हणत. इमारतीत मात्र त्या नुसत्या ‘चित्रकारसाहेबांच्या मिसेस’. आपण टपालबाईच म्हणू, कारण ते नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं.

हॉलमध्ये एक कूलर होता. पण कूलरची हवा दमट, ती दाराच्या फटीतून आत शिरते आणि कागदाच्या कडा वळतात, म्हणून साहेबांनी त्याची वायरच काढून ठेवली होती. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेला, तिला हात लावला तर चटका बसायचा. राहता राहिला हॉलमधला पंखा. तो बिचारा इमानेइतबारे छताजवळची गरम हवा खाली आणून टाकत होता.

टपालबाई पाचला उठत आणि नळाचं पाणी गार असेतोवर बादल्या भरून घेत. दहानंतर त्या पाण्यात हात घालवत नसे. मग खिडक्यांना ओल्या चादरी बांधायच्या. अर्ध्या तासात त्या कडकडीत वाळत, की पुन्हा भिजवायच्या. बाल्कनीच्या दाराची कडी फडक्याने धरावी लागे. ड्रॉवरमधल्या मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सकाळचं दूध दुपारपर्यंत फाटत होतं. गॅससमोर उभं राहिलं की अंगाची लाही लाही होई. पण साहेबांना दोन्ही वेळा ताजं आणि गरमच जेवण लागे, कारण एसीत बसून गार जेवण घशाखाली उतरत नाही.

आता पुस्तकाचं सांगायला हवं. एका प्रकाशन संस्थेने साहेबांच्या प्रवासातल्या स्केचेसचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. चाळीस चित्रं, आणि प्रत्येकाखाली गावाचं नाव, साल आणि दहा-बारा ओळींची आठवण. इथेच घोडं अडलं. साहेबांनी एकाही चित्रावर गाव लिहिलेलं नव्हतं. चित्राला पत्ता लागत नाही, असं ते सदतीस वर्षं मान ताठ करून सांगत आले होते. आता पत्ता लागत होता आणि त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? गावात उतरलं की ते एक कोपरा धरत आणि डोळे बारीक करून तीन-तीन तास बसत. तिकिटं काढणं, खोली शोधणं, रस्ता विचारणं, परतीची गाडी, हे सगळं बघायला दुसरं माणूस होतं. त्या माणसाच्या डोक्यात मात्र प्रत्येक गाव पिन कोडसकट बसलेलं होतं.

“अगं, जरा ये,” अशी हाक आली की टपालबाई आत जात. लाटेच्या पहिल्या दिवशी साहेबांनी नदीवरच्या पुलाचं चित्र पुढे केलं. टपालबाईंनी एका नजरेत ओळखलं, गाव सांगितलं, साल सांगितलं.

“बरं. दार लाव जाताना,” साहेब म्हणाले.

बाहेर पाऊल टाकलं आणि तापल्या तव्यावर पडल्यासारखं झालं. दुसऱ्या चित्रापासून टपालबाई शहाण्या झाल्या. गाव लगेच सांगून टाकायचं नाही. आधी गाडी कुठे बदलली ते, मग स्टेशनावरचा चहा, मग खोलीवाल्याने दिलेली फाटकी चादर, असं करत करत गावात शिरायचं. एका आठवणीला चांगली वीस-वीस मिनिटं गारवा मिळू लागला. साहेब आपले खाली मान घालून लिहून घेत होते.

“पुलावर तुम्ही तीन तास बसला होतात,” त्या एकदा पुन्हा त्या पुलाकडे वळल्या. “छत्री मी धरली होती.”

“ऊन होतं का?”

“आजच्यासारखंच. रंग भरभर वाळतोय, छत्री कागदावर धर, म्हणालात. तुमच्या डोक्यावर टोपी होती.”

“कुठली टोपी? तपकिरी?”

“तपकिरी.”

साहेबांनी टोपीचा रंग लिहून घेतला.

गारव्यासाठी सुरू केलेलं हे बोलणं टपालबाईंना हळूहळू गोड लागू लागलं. इतकी गावं आपण पाहिली, इतकी माणसं आपल्याशी बोलली, हे त्यांनाच नव्याने कळत होतं. पोस्टात आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवरची गावं वाचली. या गावांना मात्र त्या स्वतः गेल्या होत्या. पुस्तकात कुठेतरी, एका ओळीत का होईना, ‘आम्ही’ असं छापलेलं दिसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तेवढं दिसलं असतं तर त्यांनी हॉलमधला उन्हाळाही सोसला असता.

सातव्या दिवशी त्यांनी खडा टाकून पाहिला. “दुपारी दोन तास मी इथे खाली आडवी झाले तर? बोलणार नाही काही.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अगं, श्वासातून वाफ येते. दोन-दोन माणसांची वाफ कागद किती सोसणार?”

“आणि तुमच्या श्वासाचं काय?”

“मी सगळी हयात कागदात काढली. मला बेताने श्वास घ्यायची सवय आहे.”

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. टपालबाई दार लावून बाहेर आल्या.

अकराव्या दिवशी दुपारी कुकर उतरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. त्या तशाच ओट्याला धरून खाली बसल्या, बादलीतलं पाणी मानेवर मारलं आणि फरशी गार आहे का ते तळहाताने चाचपून पाहिलं. नव्हती. तेवढ्यात आतून आवाज आला, “अगं, चाळीस नंबर. शेवटचंच आहे.”

भिंतीला धरत त्या आत गेल्या आणि न विचारता साहेबांच्याच खुर्चीत बसल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण काम अडलेलं होतं. त्यांनी चित्र पुढे केलं. एक प्रचंड दगडी दरवाजा, त्याच्याकडे चढत गेलेल्या पायऱ्या, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पाठमोरी उभी असलेली एक बाई. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात बॅग. बॅगेचं बक्कल तुटलेलं आणि त्या जागी सुतळी बांधलेली. ती सुतळी टपालबाईंनी गाडीत स्वतः बांधली होती. साहेबांनी त्यांना त्या पायऱ्यांवरून तीनदा खाली पाठवलं होतं, अजून मागे, अजून मागे असं म्हणत, आणि मग चाळीस मिनिटं उन्हात उभं केलं होतं.

“ही मी,” त्या म्हणाल्या.

“कोण? ती खालची? छे. ते प्रमाणासाठी असतं. दार केवढं आहे ते कळायला खाली एक माणूस ठेवावा लागतो. कोणीही चालतं. तू गाव सांग.”

टपालबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला चक्कर येतेय,” त्या उठत म्हणाल्या. “उद्या बघू.”

“उद्या अकराला संपादकबाई येतायत. कव्हरवर हेच घ्यायचं चाललंय. नीट आठवून ठेव. आणि ही बाकीच्या एकोणचाळीस चित्रांची प्रुफं आलीत. गावांची नावं तेवढी तपास, मजकुरात हात घालू नकोस.”

बादलीत पाय सोडून टपालबाई हॉलमध्ये प्रुफं वाचायला बसल्या. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका होती: ‘माझ्या एकांतास’. त्यांनी पान उलटलं. ‘भर उन्हात, त्या पुलावर, मी एकटाच. सोबतीला फक्त एक छत्री.’ छत्री पुस्तकात आली होती आणि ती धरणारा हात गळला होता. खाणावळीची मालकीण साहेब बोटी काढत बसले असताना टपालबाईंपाशी आपल्या मुलासाठी रडली होती. इथे ती ‘माझ्यापाशी मन मोकळं’ करत होती. बंदराच्या गावात टपालबाईंना ताप भरला होता. पुस्तकात साहेब तापाने फणफणत बोटी काढत होते. म्हणजे तापसुद्धा त्यांनी घेतला होता. टपालबाईंनी एकोणचाळीस पानं ओळ न् ओळ वाचली. ‘आम्ही’ कुठेही नव्हतं. बायको, पत्नी, सोबत, काहीही नव्हतं.

साहेब चहाला बाहेर आले तेव्हा टपालबाईंनी विचारलं, “अहो, यात मी कुठे आहे?”

“तू?” साहेबांना खरंच नवल वाटलं. “अगं, घरगुती तपशील वाचकाला नको असतो. प्रवासी एकटा असला की लिखाणाला एक उंची येते. नावं तपासलीस?”

नावं त्यांनी तपासली होती. चार गावं चुकीची छापली गेली होती आणि ती त्यांनी पेन्सिलीने नीट करून ठेवली होती. चुकलेला पत्ता तसाच पुढे जाऊ देणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. त्यांनी प्रुफांचा गठ्ठा साहेबांपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी अकराला संपादकबाई आल्या. तिशीतली मुलगी, उन्हाने लालबुंद झालेली. उभ्या उभ्या ती तीन ग्लास पाणी प्यायली. साहेबांनी तिला गार खोलीत बसवलं. ती म्हणाली, “काकू, तुम्हीही बसा ना.”

“तिला कामं आहेत,” साहेब म्हणाले.

टपालबाई रिकामा ट्रे हातात धरून दारातच थांबल्या. दार उघडं राहिलेलं साहेबांना दिसत होतं, पण पाहुणीसमोर त्यांना काही बोलता येईना.

“सर, कव्हरचं चित्र सुरेख आहे,” संपादकबाई वही उघडत म्हणाल्या. “फक्त गाव राहिलंय. कव्हर आज संध्याकाळी छापायला जातंय.”

“ते ना, डोंगरातलं एक गाव.”

“नाव काय, सर?”

“नाव अगदी ओठांवर आहे,” साहेब छताकडे बघत म्हणाले. मग त्यांनी सवयीने दाराकडे मान वळवली. “अगं, ते दरवाजाचं गाव कुठलं गं?”

टपालबाईंच्या जिभेवर ते नाव तयार होतं. एकच बाक असलेलं स्टेशन, पायऱ्यांखालचं छत्री दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, पिन कोडचे आकडे, सगळं. दोन सेकंदांचं काम होतं. भलतंच नाव ठोकून द्यायचा विचारही मनात येऊन गेला, पण एकतीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही पत्र भलत्या गावाला पाठवलं नव्हतं आणि या वयात ते जमणार नव्हतं.

“मला कसं माहीत असणार?” त्या म्हणाल्या. “मी तिथे नव्हतेच. तुम्ही एकटे होतात.”

संपादकबाई आधी हसल्या. मग साहेबांचा चेहरा पाहून त्यांचं हसू आटलं. त्यांनी प्रुफांची पानं चाळली. पेन्सिलीने नीट केलेल्या चार नावांवर त्यांची नजर रेंगाळली, तिथून टपालबाईंच्या हातातल्या ट्रेवर गेली आणि शेवटी चित्रातल्या बाईवर येऊन थांबली.

“सर, ही खाली उभी आहे ती कोण?”

उत्तर टपालबाईंनीच दिलं.

“ती प्रमाणासाठी आहे. कोणीही चालतं.”

गाव नसलेलं चित्र कव्हरवर घेता येणार नव्हतं. पुलाचं चित्र घेऊ, असं म्हणत संपादकबाईंनी दरवाजाच्या चित्राचं स्केचबुक मिटून साहेबांच्या हातात दिलं. निघताना त्या टपालबाईंना “येते, काकू” म्हणून जिना उतरल्या.

साहेब जिन्याचं दार लावून फणफणत परत आले, तोवर टपालबाईंनी आपली गादी हॉलमधून ओढत आणून बरोबर एसीखाली टाकली होती. बावीस स्केचबुकांची चळत पायाने थोडी सरकवावी लागली, ती त्यांनी सरकवली.

“तुला माहीत होतं,” साहेब म्हणाले.

“हो.”

“मग आता सांग. अजून वेळ आहे, मी फोन करतो त्यांना.”

“तुमच्या पुस्तकात मी कुठल्याच गावाला गेलेली नाही.”

“अगं, कव्हरचा प्रश्न आहे. सदतीस वर्षांचं काम आहे माझं.”

टपालबाईंनी उशी नीट केली आणि त्यांच्याकडे पाठ करून त्या आडव्या झाल्या.

“दार लावा जाताना,” त्या म्हणाल्या.

मग दाराची कडी वाजली आणि बाहेर हॉलमधल्या पंख्याखाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टपालबाईंनी डोळे मिटले आणि चांगला छाती भरून श्वास घेतला.