छपराला दिलेले तीन ठिपके

आमचे टेलर इतके भिडस्त, की गिऱ्हाइकाने स्वतःच चुकीचं माप दिलं आणि मग सदरा तोकडा झाला म्हणून वाद घातला, तरी हे पदरचं कापड घालून नवा शिवून देत. बायको कपाळावर हात मारून घ्यायची. त्यांना मात्र तो आपला चांगुलपणा वाटे. चांगुलपणा आपल्या जिवावर करावा, कुणाची हरकत नाही. यांनी तो एकदा मुलीच्या जिवावर केला.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. नाव पडलं तेव्हा ती घरभर पळत असे. सहाव्या वर्षी तापात पाय लुळे पडले, नाव राहिलं. शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर होते, चाकांची खुर्ची थेट बाकापर्यंत जायची. आठवीपासून पुढचं सगळं वर, सव्वीस पायऱ्या चढून.

ती सातवीत असताना शाळेच्या इमारतींचा वीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं. कोणतं काम आधी घ्यायचं ते लोकांनीच सांगायचं, म्हणून सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता: नवं छप्पर, कुंपणाची भिंत, स्वच्छतागृहं, वरच्या मजल्यावर जाणारा रॅम्प, प्रयोगशाळा. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला चिकटवायचे तीन ठिपके मिळाले. कुणी लबाडी करू नये म्हणून ठिपक्यावर आपला घर क्रमांक लिहायचा आणि हव्या त्या कामापुढे लावायचा. सर्वांत जास्त ठिपक्यांची तीन कामं दोन वर्षांत होणार होती, बाकीची पुढे कधीतरी.

बायको माहेरी गेली होती, टेलर एकटेच घरून ठरवून निघाले होते, तिन्ही रॅम्पला. पण रांगेत पुढे उभा असलेला कुलूपवाला वळून मोठ्याने म्हणाला, "तुमचं काय विचारायचं, तुम्ही रॅम्पलाच लावणार." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण चार माणसांनी वळून पाहिलं आणि यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत स्वतःच्या पोरीसाठी मागायचं म्हणजे हात पसरल्यासारखंच की.

"छे, छे," ते म्हणाले. "गळकं छप्पर सगळ्यांच्याच डोक्यावर आहे." आणि तिन्ही ठिपके छपरापुढे लावून मोकळे झाले. लोकांनी माना डोलावल्या, कुलूपवाल्याने पाठ थोपटली. घरी पोहोचेपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

दोन दिवसांनी निकाल लागला. रॅम्प मागे पडला होता.

"मी लावले होते गं तिन्ही," त्यांनी भिंगरीला सांगितलं. "पण लोकांना नको होता."

आठवीचं वर्षभर त्यांनी तिला रोज पाठुंगळी वर नेलं. नववीच्या पहिल्याच आठवड्यात अकराव्या पायरीवर कंबरेत चमक भरली, ती कायमची. मग काही दिवस दोन शिक्षकांनी खुर्ची उचलली. एकदा ती जिन्यात कलंडली, आणि भिंगरीच म्हणाली, आता पुरे. तेव्हापासून ती घरी बसून काजं करी, बटणं लावी. तिचं गणित इतकं पक्कं होतं, की बाप टेप गुंडाळेपर्यंत ती कापड किती लागेल ते सांगे. दुकानात कुणी आलं की मान खाली घाले. कुलूपवाल्याने हाक मारली तर ओ देत नसे. "लोकांना मी नको होते," एवढंच म्हणायची. टेलर मूग गिळून मशीन चालवायचे. सांगू, सांगू म्हणता पाच वर्षं गेली.

पाच वर्षांनी आराखड्याच्या फेरतपासणीची सभा लागली. भिंगरीला नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. "आता माझे तीन आहेत," ती म्हणाली. "मी येणार." टेलरांनी नाना सबबी सांगून पाहिल्या. तिने ऐकलं नाही.

हॉलमध्ये नवा तक्ता टांगला होता. आणि लोकांना तुलना करता यावी म्हणून मोठ्या बाईंनी कपाटातून जुना तक्ता काढून शेजारीच लावला होता, ठिपक्यांसकट. टेलरांना तो दारातूनच दिसला.

"चल, आधी पाणी पिऊ," ते म्हणाले. तोवर भिंगरीने खुर्ची पुढे नेली होती.

तिने आधी रॅम्पची ओळ मोजली. अडतीस. मग तिसऱ्या आलेल्या कुंपणाच्या भिंतीची मोजली. चाळीस. मग अडतीसांतला एकेक क्रमांक वाचला. त्यात दवाखान्यातली नर्स होती, पाववाला होता, आणि तीन ठिपके कुलूपवाल्याच्या घराचे होते. त्यांच्या घराचा एकशे चौदा कुठेच नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग छपराची ओळ पाहिली. तिथे शंभरावर ठिपके होते, त्याला आणखी कुणाची काडीची गरज नव्हती. ओळीच्या टोकाला सलग तीन एकशे चौदा, बाबांच्या मापाच्या वहीत असतात तशा तिरक्या आकड्यांत.

"बाबा, दोन कमी पडले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुमचे तीन होते."

टेलर जुन्या तक्त्याच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"लोकांना नको होता म्हणालात," ती हळूच म्हणाली. "मी पाच वर्षं यांच्यापैकी कुणाशी बोलले नाही."

तेवढ्यात कुलूपवाला आला. "काय भिंगरे, केवढी मोठी झालीस गं. तुझ्या बाबांचं मन मोठं हो. त्या दिवशी तिन्हीच्या तिन्ही छपराला देऊन टाकले."

भिंगरीने मांडीवर कागद ठेवून तीन ठिपक्यांवर एकशे चौदा लिहिलं. नव्या तक्त्यावर रॅम्पची ओळ उंच होती, तिचा हात पुरेना. टेलर घाईने पुढे झाले, हात पुढे केला. तिने ठिपके कुलूपवाल्यापुढे धरले.

"काका, एवढे रॅम्पला लावता?"

"अगं, बाबा उभे आहेत की शेजारी."

"नको," ती म्हणाली. "तुम्हीच लावा."